उघडं क्लच कव्हर: मशिनिंग झकास, खिडक्या नको तेवढ्या मोठ्या

डुकाटी मोटारसायकलच्या ड्राय, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचवर बसवायचं उघडं झाकण. ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून सीएनसीवर काढलेलं, काळं ॲनोडाइझ केलेलं, मधे गोल कडं, त्यातून निघालेले पाच आरे आणि आऱ्यांच्या मधे पाच मोकळ्या खिडक्या. युरोपातल्या एका विक्रेत्याकडून मागवलं, कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून पंधरा हजारांच्या घरात गेलं. बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला जे बोलायचंय ते या एका झाकणापुरतं नाही. याच घाटाची ढिगानं झाकणं बाजारात आहेत, कार्बन फायबरची, बिलेटची (अखंड ठोकळ्यातून काढलेली), लाल, सोनेरी, आणि मोठ्या खिडक्यांच्या प्रत्येक झाकणाला हेच लागू पडतं.

गाडी माझी २०१० ची मॉन्स्टर ११००, सेकंडहँड. मी भोसरी एमआयडीसीत टूलरूम सांभाळतो, तेव्हा झाकण खोक्यातून बाहेर काढल्यावर पहिलं काम काय केलं असेल ते ओळखा. व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावला.

वस्तू म्हणून हे झाकण खरंच चांगलं आहे, ते आधी कबूल करून टाकतो. बोल्टच्या भोकांची अंतरं इंजिनाशी अचूक जुळली, एकही बोल्ट तिरका घुसवावा लागला नाही. बसणारी बाजू सरफेस प्लेटवर (अगदी सपाट लादीवर) ठेवून कडेनं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, फिरवली, कुठंच शिरली नाही. आऱ्यांच्या कडांना नीट चॅम्फर (तिरका काप) आहे, बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कूस, हाताला लागत नाही. कटरचे वळ दिसतात पण एकसारखे दिसतात, म्हणजे मशीनवरच्या माणसानं जेवणाच्या सुट्टीआधी फीड वाढवून जॉब उरकलेला नाही. आमच्याकडची पोरं असं काम करायला लागली तर मी त्यांना पार्टी देईन. ॲनोडाइझिंगही अजून फिकं पडलेलं नाही, आणि गाडी उन्हात उभी असते.

सोबतचे बोल्ट मात्र स्टेनलेसचे आहेत. ॲल्युमिनियमच्या आट्यांत स्टेनलेस बोल्ट कोरडा बसवला तर आपल्या पावसाळी हवेत तो धरून बसतो. अँटिसीझ पेस्ट (आटे धरू नयेत म्हणून लावायचं मलम) लावूनच घाला. सहा एमएमचे बोल्ट आहेत, दहा न्यूटन-मीटरच्या पुढं जाऊ नका. टॉर्क रेंच नसेल तर आखूड ॲलन कीनं, दोन बोटांच्या जोरावर. इंजिनाचे आटे गेले तर जो खर्च येईल त्यात असली दोन झाकणं येतील.

ज्यांच्याकडं ही गाडी नाही त्यांच्यासाठी थोडं. आपल्या नेहमीच्या मोटारसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो, त्यामुळं त्याचं झाकण बंदच असावं लागतं, नाहीतर तेल रस्त्यावर. डुकाटीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत क्लच कोरडा आहे. इंजिनाच्या उजव्या अंगाला, स्वाराच्या उजव्या पायाच्या थोडा पुढं. तेल नाही म्हणून वरचं झाकण काढलं तरी गाडी चालते, आणि इथूनच ही उघड्या झाकणांची हौस सुरू होते. कंपनीनं हा प्रकार हळूहळू सोडला: ८४८ ला २००८ साली तेलातला क्लच आला, मॉन्स्टर ११०० ला २०११ च्या इव्हो मॉडेलमध्ये, आणि २०१२ च्या ११९९ पानिगालेतही तेलातलाच. मग २०१९ ला पानिगाले व्ही४ आर मध्ये कोरडा परत आणला, पण ती मुळात रेसिंगसाठीची गाडी.

कोरड्या क्लचचा आवाज म्हणजे भांड्यांच्या मांडणीला धक्का लागल्यासारखा. लिव्हर दाबली की प्लेटांचे दात बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या भांड्याच्या) खाचांत सैल पडतात आणि खडखडतात. सिग्नलला हमखास कुणीतरी काच खाली करून सांगतं, "काका, तुमच्या गाडीचं काहीतरी सुटलंय." मी मान डोलावतो. उघडं झाकण लावलं की हा आवाज चांगलाच वाढतो, आणि खरं सांगायचं तर घेणाऱ्यांतले बहुतेक जण त्याचसाठी घेतात. मीही.

जाहिरातीत आवाजाचं नाव खाली असतं, वर असतं कूलिंग. क्लच थंड राहतो, प्लेटांची काळी धूळ आत साठत नाही. धुळीचं पटतं. मूळ बंद झाकण उघडलं तेव्हा आत काजळीसारखा थर होता; नवं लावल्यापासून आत जवळपास काही साठत नाही, कारण सगळं माझ्या उजव्या बुटावर येतं. (धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, नाकात जाते. ओल्या फडक्यानं पुसा.) कूलिंगचं म्हणाल तर पुण्यातल्या चांदणी चौकात अर्धा क्लच धरून रांगत गेल्यावर टेंपरेचर गन लावून पाहिली आहे. फरक पडतो, पण लिव्हर पूर्ण सोडून न्यूट्रलला उभं राहिलं तर त्याहून जास्त पडतो, आणि त्याला पंधरा हजार लागत नाहीत.

आता खिडक्या.

या झाकणातली प्रत्येक खिडकी कडेला ४६ मिमी रुंद आहे, मध्याकडं निमुळती होत २० मिमीवर येते. झाकणाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून आतल्या स्प्रिंगच्या टोप्या १६ मिमी आत. माझी करंगळी सहज पोचते. अंगठासुद्धा पोचतो.

आत काय फिरतं ते नीट समजून घ्या, कारण धोक्याचं मूळ तिथं आहे. बाहेरची बास्केट इंजिनाला थेट गिअरनं जोडलेली आहे. इंजिन चालू आहे तोवर ती फिरणारच, लिव्हर दाबा नाहीतर सोडा. आतलं हब (मधला तुंबा), प्लेटा दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि सहा स्प्रिंगा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. गाडी न्यूट्रलला असेल आणि लिव्हर सोडलेली असेल तर सगळंच गरगर फिरतं, ते दिसतंही, माणूस आपोआप लांब राहतो. पण गिअर टाकून, लिव्हर दाबून सिग्नलला उभे असाल तेव्हा मधला भाग स्थिर होतो. स्प्रिंगांच्या टोप्या एकदम शांत, चकचकीत, जणू इंजिन बंद आहे. आणि त्यांच्या भोवती, बोटभर अंतरावर, खाचांची कडा असलेली बास्केट फिरतच असते. ती काळपट, आतल्या सावलीत, उन्हात बघणाऱ्याच्या डोळ्याला दिसतच नाही.

मुळशीच्या पुढं एका टपरीवर हेच घडताना पाहिलं. मित्र माझ्या गाडीवर बसून निघायच्या तयारीत, पहिला गिअर टाकलेला, लिव्हर दाबलेली, आम्हा बाकीच्यांची वाट बघत. टपरीवाल्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा उकिडवा बसला आणि खिडकीतून आत बघायला लागला. "हे बंद पडलं का ओ?" असं विचारत त्यानं बोट पुढं केलं. त्याच्या बापानं त्याला दंडाला धरून मागं ओढलं; बापाला क्लचची काही माहिती नव्हती, गरम इंजिनाला पोरगं हात लावतंय एवढंच त्याला दिसलं. आपल्याकडं वेगळी गाडी दिसली की लोक जवळ येतात, हात लावतात, पोरांना टाकीवर बसवून फोटो काढतात. त्यात वाईट काही नाही. पण ज्यानं हे झाकण आखलं त्याच्या डोळ्यासमोर टपरी नव्हती.

आकडे मांडून बघू. या गाडीचं प्रायमरी रिडक्शन साधारण १.८५, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्या फेऱ्यांना बास्केटचा एक फेरा. इंजिन आयडलिंगला साधारण ११०० आरपीएमवर असेल तर बास्केट ६०० च्या आसपास फिरते, म्हणजे सेकंदाला दहा फेरे. बास्केटचा व्यास चौदा सेंटिमीटर धरला तरी परीघ ४४ सेंमी. सेकंदाला चार मीटरच्या वर कापड गुंडाळायची तयारी, तीही आयडलिंगला. बुटाच्या लेसचं सुटलेलं टोक वीतभर असतं. ते आत जायला सेकंदाचा विसावा हिस्सा पुरतो. तेवढ्यात माणसाला कळतसुद्धा नाही, पाय मागं घेणं तर दूरच.

लेसचं उदाहरण हवेतलं नाही. कंपनीच्या पार्किंगमध्ये आमच्या मेंटेनन्सचा एक जण हौसेनं गाडीवर बसला होता. इंजिन चालू, न्यूट्रल. पायात जॉगिंगचे बूट, उजव्या बुटाच्या लेसचा फासा लांब. त्यानं उजवा पाय फूटरेस्टवरून उचलून खाली टेकवला आणि त्या वाटेत लेस खिडकीत गेली. "टक्" असा एकच आवाज. बूट दोन इंच आत ओढला गेला, झाकणावर आपटला, आणि लेस तुटली. इंजिनाचा सूर जराही बदलला नाही. मला सगळ्यात जास्त तेच लागलं: एवढा झटका बसला आणि ९५ घोड्यांच्या इंजिनाला पत्ताच नाही. झाकण उघडलं तर एका स्प्रिंगच्या टोपीखाली लेसचा तुकडा घट्ट गुंडाळलेला, टोकाचं प्लॅस्टिक चपटं झालेलं, दोरा वितळून टोपीला चिकटलेला. पक्कडनं उपटून काढावा लागला. लेस स्वस्तातली होती म्हणून तुटली. ट्रेकिंगच्या बुटांना असते तसली नायलॉनची गोल लेस असती तर काय झालं असतं, यावर आम्ही दोघांनी नंतर चर्चा केली नाही.

यात एक गोष्ट लोक उलटी समजतात. धोका वेगात जास्त असेल असं वाटतं. गाडी पळत असते तेव्हा वारा पँटचा घोळ मागं नेतो आणि क्लच पायाच्या पुढं आहे, म्हणजे कापड त्याच्यापासून दूरच जातं. अडचण उभ्या गाडीची आणि रांगणाऱ्या गाडीची. सिग्नलला उजवा पाय टेकताना, गर्दीत दोन्ही पाय टाकत जाताना, गाडी चालू ठेवून शेजारी उभं राहून हेल्मेटचा पट्टा लावताना. म्हणजे आपल्या शहरांत गाडी चालवण्याचा निम्मा वेळ.

आणि कपडे. ज्या लोकांनी ही फॅशन काढली ते ट्रॅकवर एकसंध लेदर सूट घालून, झिपचे बूट घालून बसतात. अंगावर लोंबणारं काही नसतं. माझ्या घरी पावसाळी पँट आहे, रस्त्याच्या कडेला टांगून विकतात तसली, घोट्याशी वेल्क्रोची पट्टी. ती पट्टी ओली झाली की धरत नाही, मग घोट्याभोवती प्लॅस्टिकचा घोळ फडफडतो. ट्रॅक पँटच्या खाली नाडी असते. कॉलेजातली मुलं घोट्यावर रुळणाऱ्या सैल जीन्स घालतात. पाठीवरच्या सॅकचा पट्टा गाडीला रेलून उभं राहिलं की नेमका तिथंच लोंबतो. कुणी लुंगी नेसून डुकाटी चालवणार नाही हे मान्य, पण गल्लीतून पुढं-मागं करायला काढली तर? मी स्वतः सोसायटीत बर्म्युडा आणि चपलेवर गाडी हलवतो.

मागं बसणाऱ्यांचं काय, असं बायकोनं विचारलं, कारण ओढणी तिची. तिच्या बाबतीत क्लचपेक्षा मागचं चाक आणि चेन जास्त जवळ आहेत. आपल्या देशात या गोष्टीचा विचार नियमात झालेला आहे: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३. मागं बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला हाताला धरायला कडी हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवं, आणि मागचं निम्मं चाक तरी झाकेल असं संरक्षण हवं, का तर बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. नवी गाडी घरी आली की पोरं पहिल्यांदा तेच काढून माळ्यावर टाकतात, तो वेगळा विषय. नियम मागच्या चाकापुरता बोलतो. पुढं इंजिनाच्या अंगावर कुणी फिरतं चक्र उघडं ठेवून रस्त्यावर आणेल असं नियम लिहिणाऱ्याच्या मनात आलं नसावं, आणि मी त्याला दोष देणार नाही.

कारखान्यात मात्र हे मनात आलेलं आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ चं कलम २१ सांगायचं: प्राइम मूव्हरचा (यंत्रांना ताकद देणाऱ्या इंजिनाचा, मोटरचा) प्रत्येक फिरता भाग आणि त्याला जोडलेलं प्रत्येक फ्लायव्हील भक्कम आडोशानं बंद पाहिजे. कलम २२ मध्ये चालत्या मशीनची तपासणी किंवा ऑइलिंग करणाऱ्याला घट्ट कपडे, आणि तेही मालकानं पुरवायचे, असं होतं. गावाकडच्या मळणी यंत्रांसाठी केंद्रानं १९८३ साली धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा केला, तो काय उगाच नाही. आमच्या शॉपमध्ये लेथवर हातमोजे घालून उभा राहिलेला ट्रेनी दिसला तर मी आधी मशीन बंद करतो, मग त्याला बोलतो. असा मी संध्याकाळी गेटबाहेर येऊन जी वस्तू चालू करतो तिला आडोसा म्हणून पाच आरे.

गार्ड किती लांब हवा, फट केवढी चालते, याचंही गणित ठरलेलं आहे. आयएसओ १३८५७ या मशीनच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात तक्ते आहेत. चौकोनी किंवा लांबट फट १२ ते २० मिमी असेल तर धोकादायक भाग तिच्यापासून १२० मिमी लांब हवा. इथं फटीची सुरुवातच २० मिमीपासून आहे आणि भाग १६ मिमीवर. हा तक्ता चौदा वर्षांवरच्या माणसांसाठी. तीन वर्षांवरच्या मुलांसाठीचा वेगळा आहे, आणि तो याहून कडक आहे. मोटारसायकलचं झाकण या मानकाखाली येतं असं मी म्हणत नाही. पण बोट मशीनच्या गार्डमधून जातं तसंच क्लचच्या झाकणातूनही जातं.

खोक्यात सूचनापत्र होतं. त्यात बोल्ट कसे बसवावेत, पुसायला कोणतं रसायन वापरू नये हे सहा भाषांत. कपडे अडकण्याबद्दल एक ओळ नाही. खोक्याच्या बुडाला बारीक अक्षरांत "फक्त ट्रॅकवर वापरासाठी" या अर्थाचा शिक्का, जो पावतीच्या पाकिटाखाली झाकला गेला होता. विक्रेत्याला मी ईमेल केला की आतून लावायची जाळी वेगळी विकत मिळेल का. उत्तर आलं, तुमचा प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे. संपलं.

"रेसिंगमध्ये असंच असतं" हे जे म्हणतात त्यांना एवढंच सांगतो की रेसिंगवाले आपल्यापेक्षा जास्त घाबरट आहेत. मागच्या स्प्रॉकेटपाशी, चेन खालून दातांवर चढते तिथं, त्यांना शार्कच्या पंखासारखी पट्टी लावावीच लागते, कारण पडलेल्या माणसाचा हात किंवा पाय तिथं जाऊ शकतो. ती पट्टी कुणी स्टाइल म्हणून विकत घेत नाही.

मग मी झाकण फेकलं का? नाही. जाळी केली.

एक मिमी जाडीचा स्टेनलेसचा पत्रा, त्यात ४ मिमीची गोल भोकं. चारच का, तर त्या तक्त्यांप्रमाणे ४ मिमीपर्यंतच्या फटीतून मोठ्याचं काय, लहान मुलाचं बोटही आत जात नाही. भाग दोन मिमी मागं असला तरी पुरतं. लेसचं टोकही अडतं, सुटा दोरा जाऊ शकतो पण दोऱ्यानं पाय ओढला जात नाही. पत्रा गोल कापून झाकणाच्या आतल्या बाजूनं बसवला. एपॉक्सीनं चिकटवू नका. तिथं उष्णता आहे, थरथर आहे, आणि जाळी सुटून बास्केटमध्ये गेली तर लेसपेक्षा भयंकर प्रकार होईल. प्रत्येक आऱ्यात आतून तीन एमएमचे आटे पाडले, बसक्या डोक्याचे स्क्रू, थ्रेड लॉक (स्क्रू सुटू न देणारा डिंक) लावून.

खरी काळजी अंतराची. लिव्हर दाबली की पुशरॉड (आतली ढकलणारी सळई) प्रेशर प्लेटला बाहेर ढकलतो, म्हणजे ती प्लेट झाकणाच्या दिशेनं दीड-दोन मिमी पुढं येते. गाडी बंद असताना सगळं मोकळं दिसेल आणि पहिल्याच गिअरला जाळी घासेल. याला साधा उपाय आहे: कणकेच्या छोट्या गोळ्या. घरून पोळीच्या कणकेचा गोळा नेला, (बायकोनं कशाला म्हणून विचारलं नाही, तिनं आता विचारणं सोडलंय) प्रत्येक टोपीवर आणि प्रेशर प्लेटवर सुपारीएवढी गोळी ठेवली, वर प्लॅस्टिकचा कागद, मग झाकण बोल्टांनी आवळलं, लिव्हर पूर्ण दाबून धरली, सोडली, झाकण काढलं. चपटी झालेली कणीक व्हर्निअरनं मोजायची. सगळ्यात पातळ जागी साडेसात मिमी मिळाले. चार मिमीच्या खाली आलं असतं तर मी जाळी लावली नसती. मग गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक अधांतरी धरणाऱ्या घोडीवर), गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवायचं आणि कान लावून ऐकायचं. कुठं खर्र झालं नाही, तेव्हाच स्टार्टर.

जाळीनंतर आवाज तेवढाच आहे. धूळ अजून बाहेर येते. आतलं फिरणं जाळीतून दिसतं, थोडं धूसर. इन्स्टाग्रामवर फोटो टाकणाऱ्या मंडळींना ते पसंत पडणार नाही. आमच्या रविवारच्या ग्रुपमधल्या एकानं "हे काय किचनच्या सिंकची जाळी लावलीस" असं विचारलंच. पत्रा, कापणी, स्क्रू मिळून हजाराच्या आत काम झालं, ओळखीच्या लेझर कटिंगवाल्यानं पत्र्याचेच पैसे घेतले. पंधरा हजारांच्या झाकणाला कारखान्यातून ही जाळी देणं त्यांना जड होतं असं मला पटत नाही.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. उघडं झाकण, जाळी असो वा नसो, ताम्हिणी घाटात जुलैत न्यायच्या लायकीचं नाही. पुढच्या चाकाचं पाणी आणि लाल चिखल थेट आत जातो. कोरड्या क्लचमधल्या स्टीलच्या प्लेटा एका रात्रीत गंजतात आणि एकमेकींना चिकटतात. सकाळी लिव्हर दाबून गिअर टाकला की गाडी उडी मारते. सवय नसलेला माणूस समोरच्या भिंतीवर जाईल. पहाटे न्यूट्रलला गरम करून, ब्रेक धरून, मोकळ्या जागेत तोंड करूनच पहिला गिअर टाका. मी जूनच्या पहिल्या वळवाला मूळ बंद झाकण लावतो आणि दसऱ्याला हे परत लावतो. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, तेल काढावं लागत नाही, हा ड्राय क्लचचा एकमेव गृहिणीला आवडेल असा गुण.

तर घ्यावं का? कोइंबतूरला नाहीतर चेन्नईला ट्रॅक डेला जात असाल, तिथंच वापरणार असाल, तर बिनधास्त. मशिनिंगला मी पाचपैकी साडेचार देतो, अर्धा बोल्टांचा कापला. रस्त्यावर वापरायचं असेल तर याच किमतीत बारीक उभ्या फटींची अर्धउघडी झाकणंही मिळतात, त्यांचा आवाज किंचित दबका असतो, पण फटीत पेन्सिल जात नाही. घेण्याआधी विक्रेत्याला खिडकीची रुंदी मिमीमध्ये विचारा. वजन आणि रंग सगळे सांगतात, हा आकडा मागितल्याशिवाय कुणी देत नाही. मोठ्या खिडक्यांचं आधीच घेऊन बसला असाल तर जाळी करून घ्या, आणि ती होईपर्यंत लेसची टोकं बुटाच्या आत खोचा, पावसाळी पँटच्या घोट्याला रबरबँड लावा, आणि गाडी चालू ठेवून खाली उतरू नका.

आमच्या रविवारच्या ग्रुपमधल्या ज्यानं सिंकची जाळी म्हटलं होतं त्यानं परवा विचारलं, पत्र्याचं ड्रॉइंग आहे का. आहे. त्याच्या झाकणाला सहा आरे आहेत, तेव्हा भोकांच्या जागा बदलून द्याव्या लागतील. कणीक त्यानं घरून आणायची.